ओढील खरा, पण आवरील का?

वाचकहो, आपल्याकडे बैल विकत घेताना जाणता माणूस काय काय पाहत असे, ते आठवा. तो दात मोजी, खांदा चाचपी, चार पावले चालवून बघे. आणि मग म्हणे, "आता गाडीला जुंपा, अन् उतारावरून आणून दाखवा." चढावर सगळेच बैल जोर करतात. उतारावर भरली गाडी अंगावर येऊ लागली म्हणजे जो पाय रोवतो आणि मागे रेटून धरतो, तो खरा गाडीचा बैल, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पुढे बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, गाडीच्या जागी ट्रॉली आली, आणि आपण एकच प्रश्न विचारू लागलो, "किती हॉर्सपॉवरचा?" उतारावरचा प्रश्न आपण विसरलो. आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

मी काही यंत्रविद्येचा माणूस नव्हे. मी एम. ए. झालो तो भूगोलात. परंतु एका प्रसंगाने मला हा विषय शिकावा लागला. माझे थोरले मामा येडशीजवळच्या एका गावात राहतात. त्यांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत १९६० च्या दशकातली एक जीप कित्येक वर्षे उभी होती. ब्रेक गेलेले, टायर जमिनीला टेकलेले, इंजिन मात्र शाबूत. मामांच्या मनात आले, मरण्याआधी एकदा ही जीप चालती पाहावी. बार्शीला जुन्या गाड्यांचा एक मिस्त्री मिळाला. आता जीप बार्शीला न्यायची कशी? येडशी बालाघाटाच्या माथ्यावर, बार्शी खाली. मध्ये घाट. गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याला मी विचारले, तर तो हसून म्हणाला, "सर, पन्नास हॉर्सपॉवरचा आहे. दहा टन ऊस ओढतो. तुमची जीप म्हंजे काय, काडी!" मलाही ते पटले. मी दुसरे काही विचारलेच नाही.

जीप पडवीत तोंड आत करून उभी होती. ती मागे ओढून बाहेर काढली आणि तशीच, पाठ पुढे करून, फळ्यांवरून दोन चाकी ट्रॉलीत ढकलली. म्हणजे इंजिन आले ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याशी. एका सोलाने दोन फेर मारून ती बांधली. ट्रॅक्टरवाल्याचा भाचा, आमच्याच कॉलेजात बारावीला असलेला मुलगा, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या दांडीवर बसला. घाट लागला तसे चालकाने डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढला. ट्रॉली मागून ढकलू लागली. त्याने ब्रेक दाबला. पण दोन ब्रेकची पायदाने एकत्र जोडणारी पट्टी लावलेली नव्हती. एकाच बाजूचे चाक अडकले, ट्रॅक्टर आडवा फिरला आणि ट्रॉली वळसा घालून दगडी कठड्याला जाऊन टेकली. मुलाने उडी मारली म्हणून जिवावरचे पायावर निभावले. टाचेचे हाड मोडले. त्या वर्षी तो परीक्षेला बसू शकला नाही. चूक ट्रॅक्टरवाल्याची म्हणून मी स्वतःचे समाधान करून घेऊ शकलो असतो. पण जीप माझ्या मामांची, भाडे ठरवले मी, आणि मुलाला दांडीवर बसताना पाहिले तेही मीच.

त्यानंतर मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना घेऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब अवघड नाही. आपणही माझ्याबरोबर करून पाहा.

पहिली गोष्ट, वजन. अंदाजाने वजन सांगू नये. बाजारपेठेत किंवा साखर कारखान्यावर वजनकाटा असतो, तेथे गाडी न्यावी. जुनी जीप भरते सुमारे १ टन. रिकामी ट्रॉली धरा दीड टन. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अडीच टन. ट्रॅक्टर स्वतः सुमारे २ टनांचा. सगळी वरात झाली साडेचार टनांची. ध्यानात घ्या, जीप 'काडी' असली तरी जे ओढले जाते ते ओढणाऱ्यापेक्षा जड झालेच.

दुसरी गोष्ट, चढ. समजा, २० मीटर चालल्यावर १ मीटर चढावे लागते. तेव्हा साडेचार टनांचा विसावा हिस्सा, म्हणजे २२५ किलो, इतका भार मागे खेचतो. डांबरी रस्त्यावर चाके फिरवायला आणखी ९० किलोंच्या आसपास जोर लागतो. एकूण ३१५ किलो. ताशी १० किलोमीटरने चढायचे म्हटले तर त्याला अवघी १२ अश्वशक्ती पुरते. पन्नासातली बारा! म्हणजे ट्रॅक्टरवाला खोटे बोलत नव्हता. ओढण्याच्या बाबतीत जीप खरोखरच काडी होती.

तिसरी गोष्ट, उतार. येथे हॉर्सपॉवर कामाला येत नाही. कामाला येते ती चाकाची रस्त्यावरची पकड. आपल्याकडच्या बहुतेक साध्या ट्रॅक्टरांना ब्रेक असतो तो फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॅक्टरच्या २ टनांपैकी या चाकांवर पडतात सुमारे १३०० किलो. कोरड्या डांबरावर पकड वजनाच्या सहा दशांश धरली तर ही चाके ७८० किलोंच्या जोराने अडवू शकतात. ओल्या, चिखलट रस्त्यावर पकड निम्मी होते, म्हणजे ३९० किलो. एवढ्या जोरावर साडेचार टन थोपवायचे, आणि त्यातले २२५ किलो तर उतारच खाऊन टाकतो.

हिशेब केला तर असे निघते. त्या उतारावर ताशी २० किलोमीटर वेग असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे ११ मीटर लागतात. वेग ४० केला तर ४४ मीटर. वेग दुप्पट, पण अंतर चौपट, हे शिक्षकांनी मुलांकडून अवश्य पाठ करून घ्यावे. रस्ता ओला असेल तर २० च्या वेगाला २८ मीटर, आणि ४० च्या वेगाला १११ मीटर. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर कापले जाते, ते यात धरलेले नाही.

आता जीप बाजूला ठेवा आणि गळीत हंगामातली उसाची ट्रॉली डोळ्यांपुढे आणा. मागे १२ टन, ट्रॅक्टरचे २ टन, एकूण १४ टन. तोच उतार. उतार पुढे ढकलतो ७०० किलोंनी. ट्रॉलीला ब्रेक नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरवरून थांबायला ६० मीटर लागतील. आणि ओल्या रस्त्यावर? ब्रेकचे ३९० आणि रस्त्याच्या घर्षणाचे २८० मिळून ६७०, उताराचे ७००. मंडळी, ही गाडी थांबणारच नाही. ब्रेक करकचून दाबा, चाके जाम होतील, तरी ती पुढे सरकतच राहील. पन्नासाच्या जागी साठ हॉर्सपॉवरचे इंजिन बसवले म्हणून यात काडीचाही फरक पडत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट येथे आठवते. परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलूख मैदान ही प्रचंड तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ १६३२ साली परंड्याहून विजापूरला नेली. तिचे वजन ५५ टन भरते असे मानतात. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लावले होते, असे सांगतात. तिच्याबरोबर कडक बिजली नावाची दुसरी तोफ होती, ती मात्र कृष्णा ओलांडताना नदीत गेली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला अनुभव खरा आहे. सपाटीवर ओढण्याला माणसे आणि जनावरे वाढवता येतात. काठ उतरताना ओझे सुटले की मग ते कोणाचेच ऐकत नाही.

मग उपाय काय? पहिला उपाय, ओझ्याला स्वतःचा ब्रेक. रेल्वेच्या डब्याडब्याला ब्रेक असतो, एकट्या इंजिनाच्या भरवशावर आगगाडी कोणी घाटात सोडत नाही. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला त्याचा स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. आपल्याकडेही ब्रेकच्या ट्रॉल्या बनवून मिळतात. नवी ट्रॉली घेणाऱ्याने रंग आणि नक्षी यांवर खर्च करण्याआधी ब्रेकवर करावा. भाड्याने घेणाऱ्याने पहिला प्रश्न 'हॉर्सपॉवर किती' हा न विचारता 'ट्रॉलीला ब्रेक आहे का' हा विचारावा.

दुसरा उपाय, ओझ्याची जागा. या बाबतीत पुस्तकापेक्षा आपला गाडीवान शहाणा. बैलगाडी भरताना माल कण्याच्या मागे जास्त गेला तर गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल फार पुढे आला तर मानेवर ओझे पडते आणि खांदे सुजतात. म्हणून गाडीवान जू हाताने उचलून बघतो. थोडे जड लागले पाहिजे, फार नाही. दोन चाकी ट्रॉलीचा नियम अगदी हाच. ट्रॉली आणि माल यांच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर आला पाहिजे. आमच्या अडीच टनांचा दहावा हिस्सा २५० किलो. तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पडला असता तर १३०० चे १५५० झाले असते, पकड वाढली असती. आम्ही इंजिन मागे टाकून ट्रॉली उलाळ केली. हुक वर उचलला गेला. समजा, तो २०० किलोंनी उचलला गेला असेल, तर चाकांवर उरले ११००. ट्रॅक्टर तोच, जीप तीच, तिचे तोंड फिरले एवढ्यानेच ब्रेकच्या चाकांवर साडेचारशे किलोंचा फरक पडला. शिवाय उलाळ ट्रॉली वेगात डावीउजवीकडे झोकांड्या खाते, ते वेगळेच.

अमुक वजन 'किती' एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या चाकावर किती पडते, हे पाहावे लागते. याचे उत्तम उदाहरण आपल्या घाटाने पाहिलेले आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. पुढे ती येडशीवरून १९११ साली लातूरला पोचली. अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी उभी करणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एक नियम धरला होता. इंजिन असो की मालाचा डबा, कोणत्याही एका कण्यावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे हलक्या रुळांवरून जड माल गेला. इंजिनाची बढाई न मारता त्यांनी कण्याकण्याचा हिशेब मांडला. आज तेथे रुंद मार्गाचे रूळ आहेत, पण हिशेबाची ती रीत जुनी झालेली नाही.

चार चाकी ट्रॉलीत माल दोन कण्यांवर वाटला जातो, हुकावर भार जवळजवळ येत नाही. ती उलाळ होत नाही आणि सपाट रस्त्यावर जड मालाला बरी. पण ट्रॅक्टरच्या चाकांना तिच्याकडून वजनाची मदतही मिळत नाही. म्हणून चार चाकी ट्रॉलीला ब्रेक असणे अधिकच जरुरीचे. शिवाय ती मागे घेणे नवख्याचे काम नव्हे. एका जीपसाठी दोन चाकी, रुंद आणि बसकी ट्रॉली चांगली. ट्रॉली जितकी उंच तितकी जीप चढवणे अवघड आणि वळणावर कलंडण्याची भीती जास्त. उंचच मिळाली तर तिचे मागचे तोंड एखाद्या बांधाला किंवा धक्क्याला लावून जीप सरळ आत घ्यावी. तिरप्या फळ्यांवरून ढकलत बसू नये. घसरलेल्या जीपच्या मागे माणूस उभा असेल तर हिशेब करायला वेळ मिळत नाही. लांबचा पल्ला असेल तर सरळ सपाट पाठीची मालमोटार घ्यावी. तिच्या सगळ्या चाकांना ब्रेक असतो आणि जीप तिच्या पाठीवरच बसते. भाडे जास्त पडते, पण जास्त का पडते ते आता आपल्याला कळले आहे. आणि ब्रेक नसलेली जुनी गाडी दोराने बांधून ओढत नेणे, हे तर घाटात कधीही करू नये. दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही.

आता बांधण्याविषयी. हुकात पिन ठरलेल्या मापाचीच हवी, आणि ती वर उडू नये म्हणून खाली खिळ हवी. पहारीचा तुकडा किंवा सापडेल तो बोल्ट घालून भागवू नये. पिन तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी वेगळी साखळी असावी. जीप चारी कोपऱ्यांवर बांधावी, आणि पट्टे किंवा साखळ्या तिच्या कण्याला घालाव्यात. बंपरला घातल्या तर पाटे दबतील तसतशा त्या सैल होतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. दोनेक किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पुन्हा आवळावे. मागे लाल परावर्तक आणि चालू दिवा हवा. हंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या काळ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते, तेव्हा दोष अंधाराचा नसतो. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा आहे का, हेही आधीच पाहावे. आणि दांडीवर कोणालाही बसू देऊ नये. लहान मुलाला नाही, मजुराला नाही, हट्टाने बसणाऱ्याला तर नाहीच.

घाटाच्या तोंडाशी थांबून गिअर ठरवावा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन स्वतःच चाकांना धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. गिअर काढून चार पैशांचे डिझेल वाचवणे म्हणजे बैलांना सोडून गाडी उताराला लावणे होय. आणि दोन्ही ब्रेकची पायदाने पट्टीने जोडलेली आहेत ना, हे रस्त्यावर येण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावे. शेतात वळताना ती सुटी लागतात, रस्त्यावर कधीच नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. हा पाठ वर्गात करायला खर्च नाही. एक खेळण्यातली दोन चाकी गाडी, तिच्यावर एक दगड आणि एक तिरपी फळी घ्या. दगड कण्याच्या पुढे ठेवा, मग मागे ठेवा, आणि दांडी बोटाने उचलून मुलांना फरक जाणवू द्या. मग फळी ओली करून वरचा हिशेब फळ्यावर मांडा. आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी ट्रॅक्टर असेल, नाहीतर शेजारी तरी असेलच. वडिलांना "गिअर काढू नका" हे मास्तरांपेक्षा मूल अधिक सहज सांगू शकते.

मामांची जीप शेवटी बार्शीला पोचली. ट्रॅक्टर तोच होता, चालकही तोच. ट्रॉली मात्र दुसरी, ब्रेकची आणि बसकी. जीपचे तोंड पुढे केले, काट्यावर वजन करून घेतले, हुक जोडण्याआधी ट्रॉलीची दांडी काट्यावर टेकवून तिचे वजनही पाहिले. घाटाच्या तोंडाशी चालक स्वतःहून खाली उतरला, पायदानांची पट्टी हलवून बघितली आणि मला म्हणाला, "सर, हळू जाऊ. आज घाई कुणाला हाय?" त्याचा भाचा त्या दिवशी आमच्यामागून एस. टी.ने आला. तो अजून थोडा लंगडतो. पुढच्या वर्षी परीक्षेला बसला आणि पास झाला. मिस्त्रीच्या दारात जीप उतरवताना चारी साखळ्या त्यानेच मोजून सोडल्या.